चौथ्या बाजूची भिंत

३ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

माझं घर एकदाचं वाळवंटात उभं राहिलं! आठ फळ्या, दोघांना उचलता येतील एवढ्याच. भिंती पोकळ आहेत. इथलीच वाळू आत भरायची, की दुपारचं ऊन बाहेरच थबकतं. छपरावर दुसरं छप्पर, मधून वारा खेळतो. मुक्काम हलवायचा झाला की वाळू वाळूत ओतायची, फळ्या गाडीवर टाकायच्या आणि निघायचं. मागे खूणही राहत नाही. इथे सकाळी उठावं तर कालची टेकडी जागेवर नसते. रात्रीतून तूच येऊन देखावा बदलून गेलास असं वाटतं.

पलीकडे फाटक्या तंबूंत कितीतरी कुटुंबं राहतात. हे घर वादळात टिकलं, तर पुढची घरं त्यांना. पण काम देणाऱ्यांचा नियम असा, की करणाऱ्याने आपल्याच घराची परीक्षा घ्यायची नाही. साठी उलटलेलं कोणीतरी आत राहून बघायला हवं. मामा, येशील?

तब्येत ठणठणीत ठेव, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खुंटी


१९ फेब्रुवारी

चि. खुंटीस,
अ. उ. आ.

अगं ए, साठी उलटली म्हणून मला उन्हात वाळत घालतेस होय? विंगेत खुंटीसारखी उभी राहून माझ्या हातात खिळे द्यायचीस, ती तू आता घरं बांधतेस! पत्र वाचून ऊर भरून आला. माझीही घरं तुझ्यासारखीच की. संध्याकाळी उभी करायची, पडदा पडला की मोडून काखोटीला मारायची. महाल केले, झोपड्या केल्या, एकदा तर अख्खं जहाज केलं. राहिलो मात्र कशातच नाही.

यायचं म्हणशील तर मान वर करायला फुरसत नाही. नाट्यगृहात नवीन नाटक येतंय, रंगकाम जोरात आहे. परवा स्वप्नात तुझं घर आलं. फळ्यांचे पाय करून वाळूवरून निवांत चाललं होतं, आणि मी हातोडी घेऊन मागे धावत होतो. जाग आली तरी कितीतरी वेळ पायाखाली वाळूच लागत होती.

पत्ता तोच, द्वारा नाट्यगृह. डोकं झाकून हिंडत जा. तुझ्या आठवणीत असतोच.

मामा


१ मार्च

चि. खुंटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मामाच्या थापा ऐकू नकोस. नवीन नाटक कसलं नि रंगकाम कसलं! प्रयोग बंद होऊन वर्ष होत आलं, आणि उन्हाळ्यात नाट्यगृह पाडणार आहेत. रंगमंचामागची ती एवढीशी खोली, तेवढंच त्याचं घर, तीही गळते. म्हणून हा पठ्ठ्या मंचावर झोपतो, जुन्या नाटकाच्या दिवाणखान्यात. तीन भिंती, एक खोटी खिडकी आणि समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. झोपेत कोणीतरी बघतंय असं वाटतं म्हणाला, आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

आमच्याकडे ये म्हटलं, तर म्हणे बहिणीकडे पाहुणा म्हणून जावं, राहायला नाही. नाकावर माशी बसू देईल तर शपथ! तू कीव केलीस तर तो जागचा हलायचा नाही. त्याला काम सांग, धावत येईल.

तुझे बाबा आशीर्वाद सांगतात. माझे तर आहेतच.

आई


१२ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

येतोस की घाबरलास? काम सोपं नाहीच मुळी. वादळात आत राहायचं, आणि शेवटी एका ओळीत अभिप्राय द्यायचा, की हे घर राहण्यासारखं आहे का. माझा उदोउदो करणारं माणूस मला नकोय. तुझ्याइतका खडूस दुसरा कुठून आणू? पसंत पडलं तर घर राहणाऱ्याचंच होतं, हाही नियमच.

येताना हातोडी आण. तू आलास की रागावणं संपेल, तोवर लोभही स्थगित.

खुंटी


२० एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मामा आला, आणि आल्या आल्या माझं घर त्याने पार उकललं! म्हणे पाहुण्यासारखं आयतं राहायचं नाही, स्वतः उभं करणार. मी संध्याकाळी बघायला गेले, तर तीन भिंती अगदी ओळंब्यात, आत खाट, खाटेवर मामा, आणि चौथ्या बाजूला सरळ वाळवंट. भिंत कुठाय विचारलं, तर बाहेर पडलेल्या फळ्यांकडे असा बघत राहिला! खरंच विसरला होता गं. आयुष्यभर त्या बाजूला प्रेक्षक बसले, तिथे भिंत लावायची त्याच्या हाताला सवयच नाही. पोट दुखेपर्यंत हसलो.

पण त्यानंतरही त्याने ती लावलेली नाही. वारा पडलाय, राहू दे म्हणतो. चांदणं थेट खाटेपर्यंत येतं. तंबूंतली माणसं पोराबाळांसकट समोर वाळूवर येऊन बसतात, आणि मामा त्यांना जुन्या नाटकांतली भाषणं म्हणून दाखवतो. एक शब्द कळत नाही, तरी सगळी गुंग. मीही तिथेच डुलक्या घेते, आणि लहानपणीच्या विंगेत असल्यासारखं वाटतं.

चौथी भिंत लागल्याशिवाय परीक्षा सुरू होत नाही, आणि वादळं तोंडावर आलीत. रोज सांगते, रोज उद्या म्हणतो. आई, मला वाटतं त्याला वादळाची भीती नाही. घर आपलं होईल, याची आहे. मला फार काळजी वाटते.

खोकल्याचं औषध विसरू नकोस. बाबांना नमस्कार.

तुझी,
खुंटी


९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा वादळ झालं. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे म्हणूनच लिहितोय. खुंटी फळ्या आणायला शहरात गेली होती. दुपारी आभाळाच्या कडेला तपकिरी पडदा दिसला, आणि तो पडणारा नव्हता, उठणारा होता. बघता बघता जवळचे दोन तंबू उडाले. रोज समोर बसणारी माणसं पोरं कडेवर घेऊन सैरावैरा पळायला लागली. मी ओरडून सगळ्यांना आत घेतलं. ताई, माझे प्रेक्षक आत आले, आणि मग मी चौथी भिंत लावली. फळीच्या दुसऱ्या टोकाला तंबूतल्या एका म्हाताऱ्याने हात दिला.

मग दार ओढलं. माझ्या दारांना आतून कडी कधी नसायचीच, कोण बघतंय म्हणून. या दाराला होती. लावली, तर खट्ट वाजली. बाहेर रात्रभर वाळू गरजत होती, आणि आत दिव्याची ज्योत हलली नाही. पोरं माझ्या अंगावर रेलून झोपली. मीही झोपलो. समोरून कोणी बघत नव्हतं गं. अशी झोप मला आठवत नाही.

सकाळी बाहेरून रडण्याचा आवाज आला. खुंटी दारापुढची वाळू हातांनी उपसत मला हाका मारत होती. मी आतून कडी काढली. पोरीने गळ्यात पडून आधी रडून घेतलं आणि मग भरपूर शिव्या दिल्या.

अभिप्राय एका ओळीत हवा होता. लिहिला, की घर राहण्यासारखं आहे, राहतो आहे. तंबूवाल्यांची घरं पुढच्या महिन्यात उभी राहायला लागतील. हातोडी माझीच.

नाट्यगृह पाडतील तेव्हा बघायला जाऊ नकोस. त्यापेक्षा इकडे ये, आणि पाहुणी म्हणून नको, राहायलाच ये. मुलीवर आहे तेवढीच माया माझ्यावरही असू दे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. उत्तर पाकिटावरच्या पत्त्यावर पाठव. नीट बघ, या वेळी त्यात 'द्वारा' नाही.