विहीणबाईंचा ळ

प्रिय विहीणबाई,

"प्रिय" आपलं रीत म्हणून लिहिलं. आपली नात तिकडे जपानात तुमच्या घरी वाढते. ती तुमच्या गळ्यात पडून जपानीत काहीतरी पुटपुटायची, तुम्ही दोघी खिदळायचात आणि इकडे फोनसमोर माझा नुसता जळफळाट व्हायचा. लेकाला विचारलं, तर म्हणायचा, "काही विशेष नाही गं, आई."

शेवटी मी जपानीच्या शिकवणीला जाऊ लागले. क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं हे कळलं, तेव्हा जरा धीर आला. "मिझु" म्हणजे पाणी, "नेको" म्हणजे मांजर, "सुकी" म्हणजे आवडतं. जे आवडतं त्याच्या नावाला "गा" जोडायचा. एवढ्या भांडवलावर काल मी नातीला विचारलंच, "दारे गा सुकी?" तुला कोण आवडतं?

ती म्हणाली, "नेको गा सुकी!"

म्हणजे आपण दोघीही बाद! मला हसू फुटलं आणि पलीकडे तुम्हालाही. मग तुम्ही फोन हातात घेऊन एकेक शब्द जुळवत म्हणालात, "आजी, मी मराठी शिकते. तुम्ही दोघी हसता. मला कळत नाही."

म्हणजे नात माझ्याशी मराठीत खिदळते, तेव्हा तिकडे तुमचाही जळफळाट! पण विहीणबाई, "कळत"मधला ळ पहिल्याच फटक्यात इतका स्वच्छ? माझा "त्सु" तर अजून नुसता थुंकी उडवतो.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमचा काही नेम नाही, वाचालसुद्धा.

तुमच्यावर अजूनही जळणारी,
विहीण