आठ फुटांची वाट

मी, शकुंतला शिवलिंग हुक्केरी, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. राग आहे, पण रागाला कायद्याची हरकत नसते, असे वकिलांनी सांगितले.

१) माझ्या दोन खोल्या, बँकेतील ठेव आणि पाटल्या माझी एकुलती मुलगी अनुजा हिला मिळाव्यात. तिने खोल्या विकल्या तरी चालतील, पुस्तके रद्दीत घालू नयेत.

२) कपाटातील हिरवी इरकली साडी, घडी न मोडलेली, कागलजवळच्या आमच्या वाडीतला माझा चुलतभाऊ बाळासो याची पत्नी चिमणाबाई हिला परत करावी. आप्पा, म्हणजे माझे वडील, वारल्यावर बाळासोने ही साडी देऊन वडिलोपार्जित शेताच्या हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. माहेर तुटू नये म्हणून बहिणी करतात, तशी मीही हसत केली. शेताच्या कोपऱ्यात आजी, आजोबा आणि आप्पांच्या समाध्या होत्या. तो पाच गुंठ्यांचा तुकडा तसाच राहील, असे तो तोंडी बोलला होता. सदतीस वर्षे पोरांना 'लिहून घ्या' म्हणणाऱ्या बाईने एवढे मात्र लिहून घेतले नाही.

३) गेल्या मार्गशीर्षात निपाणीला लग्नाला जाताना, अनुजाला आप्पांची समाधी दाखवावी म्हणून गाडी वाडीकडे वळवली. विभूती, बेल, नारळ बरोबर होते. कोपऱ्यात डोक्यावर गेलेला ऊस. मी सरीतून तीनदा फिरले, पण माझ्या बापाची जागा मला सापडेना. अनुजा नारळ हातात धरून बांधावर उभी होती, त्याची मला जास्त लाज वाटली.

बाळासो आला. आधी चहाचे विचारले, मग म्हणाला, "दगूड गेलाय कुठं? मोटरीखाली हाय की. लई धडधडत हुती." बाकी समाध्यांचे विचारले तर म्हणाला, "पाच गुंठं मढ्यांसाठी पडीक ठिवायचं व्हय, आक्का? सही तूच केल्यालीस."

आप्पांच्या नावाचा दगड मी पंपाच्या खोलीत, तेलाने काळा झालेला पाहिला. तिथे मी नारळ फोडला नाही. तसाच परत आणला. बाळासोला मी माफ केलेले नाही.

४) त्या शेतातून रस्त्याला लागणारी एकमेव, आठ फुटांची वाट आप्पांनी स्वतःच्या पगारातून शेजाऱ्याकडून वेगळी खरेदी केली होती. ती हक्कसोडपत्रात नव्हती आणि उताऱ्यावर वारस म्हणून आजही माझेच नाव आहे. हे बाळासोला गेल्या महिन्यात कळले. तेव्हापासून दर रविवारी तो म्हशीचे दूध घेऊन येतो. दूध मी घेते, वाटेचा विषय काढू देत नाही.

आम्हा लिंगायतांत मृताला बसवून, आपल्याच रानात पुरतात. लागेल ती परवानगी काढून मला या वाटेच्या मधोमध पुरावे आणि वर चौथरा बांधावा. उसाचा ट्रॅक्टर कुठून काढायचा ते बाळासोने बघावे. वाट अनुजाच्या नावे करावी. तिने ती त्याला कोणत्याही भावाने देऊ नये.

वकील म्हणाले, बाई, हे सुडाने केल्यासारखे दिसते. दिसू दे. मला आप्पांच्या शेजारी जागा हवी होती. उसाच्या त्या कोपऱ्यापासून वाट चाळीस पावलांवर आहे, मी चालून मोजली. याहून जवळ माझ्या नावावर काही उरलेले नाही.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

सही: शकुंतला शिवलिंग हुक्केरी

साक्षीदार:
१) धैर्यशील जोतीराम माने, शेजारी (सही)
२) वर्षाराणी विजयसिंह घाटगे, पूर्वीच्या सहशिक्षिका (सही)

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५