दारातले हात

मंगळवार, संध्याकाळ. न्यूनेन.

आज इथल्या डच शाळेत इंग्रजीचा पहिला तास. पुण्यातल्या सवयीनं मी आधीच वर्गात जाऊन टेबलापाशी उभी राहिले. पण एकही मूल आत येईना! सगळी दाराबाहेर गप्प उभी. वाटलं, नवीन बाई बघून खोडी काढतायत. आवाज चढवणारच होते, तेवढ्यात शेजारच्या वर्गावरची मारायके हळूच म्हणाली, "तू हात मिळवशील म्हणून थांबलीयेत ती." इथे म्हणे बाईंनी दारात उभं राहून प्रत्येकाशी हात मिळवायचा, मगच मुलं आत.

गेले दारात. सायकलवरून आलेले, गारठलेले छोटे छोटे हात एकेक करून माझ्या हातात येत गेले. प्रत्येक जण सरळ डोळ्यांत बघून नाव सांगत होता. केवढीशी ती मुलं! पुण्यात इतकी वर्षं रोज हजेरी घेतली, पण कुणाचा हात गार आहे की गरम, हे मला कधी कळलं होतं का?

शेवटची मुलगी हात सोडेचना. म्हणाली, "मेधा, तुझा हात किती उबदार आहे!" नुसतं मेधा. बाई नाही, मॅडम नाही. आणि मला जराही खटकलं नाही.

भांडी तशीच पडलीयेत. आज हात ओले करावेसेच वाटत नाहीयेत.