फळ्यावरची मोठी अक्षरं

बाबा, आपल्या चौकापलीकडे आता आणखी एक मनोरा येणार आहे, पहिल्यापेक्षा कितीतरी उंच. लोक दोन बाजूंना वाटले गेलेत, पेपरात रोज काहीतरी छापून येतं आणि आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेजारी एकमेकांना नाही नाही ते बोलतायत. रविवारी सभा आहे. मी पहिल्या मनोऱ्यात इतकी वर्षं नोकरी केली म्हणून मीच बोलावं, असं सगळ्यांचं म्हणणं. कोणत्या बाजूने बोलायचं, हे मात्र ज्याने त्याने परस्पर ठरवून टाकलंय. दोन दिवस मी कागद पुढे घेऊन बसतेय आणि मुद्दे काढायचे सोडून तुम्हालाच लिहितेय.

पहिल्याच्या वेळी व्हॉट्सॲप नव्हतं, फळा होता. चौकातल्या गणपतीशेजारी, स्टेशनरीवाल्या काकांच्या दुकानाला लागून, मंडळाचा काळा फळा. बुधवार पेठेतलं तुमचं पुस्तकांचं दुकान उघडायला जाण्याआधी, दहाच्या सुमारास, तुम्ही त्यावर दोन ओळी लिहायचात. खाली ज्याला वाटेल त्याने उत्तर लिहावं, नाव घालू नये, आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत कोणाचंही काही पुसू नये, एवढाच रिवाज. खडू काकांकडे असायचा. लाकडाच्या वखारीच्या जागेवर काचेचा मनोरा होणार, त्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या येणार, हे कळलं आणि तुम्ही कंबर कसलीत. ‘मनोऱ्यातून आमच्या घरात डोकावणाऱ्यांनी कृपया आधी चपला काढाव्यात.’ दुसऱ्या दिवशी, ‘मनोऱ्याला पाणी कुठून येणार हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी आमच्या नळालाही कळवावे.’ लोक सायकली थांबवून वाचायचे. चेष्टेच्या आत तुमचं दुखणं खरं होतं. संध्याकाळचं ऊन गणपतीच्या कळसावर पडतं ते उद्यापासून काचेवर पडणार, आणि ते कोणी विचारायलाही आलं नाही, असं तुम्ही घरी म्हणायचात.

खाली उत्तरंही यायची. चहावाल्याने लिहिलं की मनोरा होऊ द्या, माझी पोरं शिकतील. एकदा कोणा बुलढाण्याकडच्या मुलाने लिहिलं, ‘काका, आम्ही पुण्यात कळस बघायला नाही, नोकरी बघायला आलो.’ तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि काकांना म्हणालात, मुद्दा बरोबर आहे, अक्षर मात्र भयंकर. पुसलं नाहीत. नगरसेवक तेवढे रोज येऊन वाचून जायचे आणि कोणाचं पारडं जड होतंय याचा अंदाज घेऊन गप्प बसायचे.

मनोरा झालाच. आणि मला नोकरी लागली ती नेमकी त्यातच, अकराव्या मजल्यावर. ते सांगितल्यावर तुम्ही ताटावरून उठला नाहीत की चिडला नाहीत, नुसतं ‘बरं’ म्हणालात. त्या ‘बरं’नंतर पंधरवडाभर आपलं बोलणं मिठा-पाण्यापुरतं उरलं. आई मध्ये पडून थकली. माझा जीव अर्धा झाला होता बाबा. नोकरी सोडायची नव्हती आणि तुम्हालाही गमवायचं नव्हतं. शेवटी एका दुपारी मी चौकात गेले, काकांकडून खडू घेतला आणि चपलांवरची तुमची ओळ तुम्ही त्या दिवशी पुन्हा लिहिली होतीत, तिच्याखाली लिहिलं, ‘डोकावायला वेळ कोणाला आहे? आम्ही कामाला येणार आहोत.’ नाव अर्थातच नाही. पण मला हाताला धरून बाराखडी तुम्हीच गिरवायला लावलेली, तुम्हाला अक्षर ओळखायला काय लागतं! दुसऱ्या दिवशी फळ्यावर एवढंच होतं, ‘कामाला येणाऱ्यांनी घरून डबा आणावा. वरची हॉटेलं महाग असतात.’ आईने विचारलं, डब्यात काय देऊ, तेव्हा मी ओट्याला टेकून रडले. तुम्ही बाहेर पेपर वाचत बसला होतात. पेपर फार वेळ एकाच पानावर होता.

मग एका रविवारी आपण चौकात उभे असताना तुम्ही कपाळावर हात आडवा धरून मनोऱ्याकडे बघता. मजले मोजता, एका खिडकीवर बोट रोखता. ‘ही तुझी. म्हणजे तिथून फळा सरळ दिसत असणार.’ स्वतःच ठरवता आणि स्वतःच खूश होता. माझं टेबल पलीकडच्या अंगाला होतं, तिथून फक्त टेकडी दिसायची. पण इतक्या दिवसांनी तुमचा चेहरा असा खुललेला मी पाहत होते, कशी सांगणार? दुसऱ्या दिवसापासून तुम्ही जाडा खडू आणलात. अक्षरं वीतभर झाली, ओळी आखूड झाल्या. लोक तुमच्याकडे कुरकुरले, की पूर्वी मजकूर असायचा, आता पाटी वाटते. तुम्ही म्हणालात, ज्यांना जवळून वाचायचंय त्यांनी चार पावलं मागे सरकावं. रात्री जेवताना तुमचा प्रश्न ठरलेला, ‘वाचलंस का?’ मी म्हणायचे, ‘वाचलं.’ ते खोटं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा घाईघाईने संपवून मी खाली उतरायचे, चौकापर्यंत चालत जायचे, वाचायचे आणि धापा टाकत परत वर. मनोरा होण्याआधी आपण इतकं बोलत नव्हतो, हेही खरंच.

तुम्ही गेल्यावर तेराव्याला काका जेवायला आले होते. पान झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, एक गोष्ट सांगू का? मागे एका दुपारी तुम्ही दुकानातून मुद्दाम परत येऊन सकाळचं पुसलंत म्हणे, आरतीआधी, रिवाज मोडून. आणि एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंत, ‘येताना कोथिंबीर आण.’ सगळा चौक हसत होता. नेमके त्या दिवशी आमच्या ऑफिसात परदेशी पाहुणे होते आणि मला खाली उतरता आलं नव्हतं. मला ती रात्र लख्ख आठवली. तुम्ही विचारलंत, वाचलंस का. मी म्हटलं, वाचलं. आई म्हणाली, आज आमटीवर कोथिंबीर नाही हं, संपली. तुम्ही ‘बरं’ म्हणून भात कालवलात.

दुसऱ्या दिवशी काकांनी तुम्हाला विचारलं होतं, काय हो, आली का कोथिंबीर? तुम्ही म्हणालात, ‘तिला दिसत नाही तिथून. ती दुपारी खाली येऊन वाचते, तुम्ही बघताच की.’ काका म्हणाले, मग एवढी मोठी अक्षरं कशाला काढता, हात दुखेल. तर तुम्ही खडू झटकत म्हणालात, ‘लहान केली तर तिला कळेल, मला कळलंय ते.’

आता तिथे फळा नाही. त्या जागी वाढदिवसांचे फ्लेक्स लागतात. काकाही गेले. ज्यांनी पहिल्या मनोऱ्याला शिव्या घातल्या, त्यांची मुलं आज रिक्षावाल्याला ‘मनोऱ्याच्या अलीकडे सोडा’ असा पत्ता सांगतात. कळसावर खरंच ऊन पडत नाही, तुमचं ते बरोबर होतं. त्या बुलढाण्याच्या मुलाचंही बरोबर होतं. रविवारी मी उभी राहिले की हे दोन्ही सांगणार आहे, मग दोन्ही बाजूंनी माझ्या नावाने बोटं मोडली तरी चालेल. तुम्हाला मात्र हे धाडायला पत्ता नाही, हे कपाटातच राहणार. एक कबूल करते. एवढ्याशा मजकुराला अख्खी वही संपत आली बाबा, कारण अक्षर वीतभर काढलंय. तुम्ही कुठे आहात ते माहीत नाही, तिथून दिसत असेल-नसेल, म्हणून.