हात न लावता तपासणी

मंगळवार, ४ मार्च

बाजारामागच्या चार मजली इमारतीची लिफ्ट आज बंद केली. वर दवाखाने, वकील, एक शिकवणी. केबिनच्या टपावर उभं राहून वर पुलीकडे पाहिलं, तर सगळा डोलारा डावीकडे झुकला. मेकॅनिक म्हणाला, साहेब, काही हलत नाहीये. ओळंबा सोडला. ओळंबा सरळ. पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध. दोन्ही उपकरणं एकदम बिघडणं विचित्र आहे, पण एकाच दुकानातून घेतलेली आहेत.

प्रत्येक मजल्यावर दाराला लाल पट्टी लावली, सही केली. मेकॅनिक म्हणाला, आता म्हातारी माणसं चढायची कशी? मी म्हणालो, जिवंत राहिली तर चढतील. हे जरा कठोर झालं का? जेवताना विचार केला. नाही झालं.

गुरुवार, ६ मार्च

सकाळी उठताना पलंग हलला. एक पाय आखूड असणार. खाली पुठ्ठा घातला.

माळ्यावरची बॅग काढायला वर पाहिलं, तर कपाट अंगावर आलं. कपाट भिंतीत ठोकलेलं आहे, असं बायकोचं म्हणणं. ठोकणारा सुतार मला पहिल्यापासून पटला नव्हता.

ती म्हणाली, अहो, कपाट जागच्या जागी आहे, पलंग जागच्या जागी आहे, ती लिफ्टही जागच्या जागीच असेल. हलताय तुम्ही. रोज खोल खड्ड्याच्या तोंडाशी वाकून बघता, एक दिवस आत जाल आणि फोन मला येईल. डॉक्टरला दाखवा, नाहीतर तुमच्या साहेबांना मी कळवते.

धमकीला मी भीक घालत नाही. डॉक्टरला दाखवायचं ठरवलं आहे, पण हा माझा स्वतंत्र निर्णय आहे.

शुक्रवार, ७ मार्च

अपॉइंटमेंट तिनेच घेतली. ऑनलाइन. तिच्या ऑफिसातल्या बाईंना या डॉक्टरांचा गुण आला म्हणे. मी विचारलं, दवाखाना नाही का? आहे, पण सध्या त्या फोनवरच बघतात. का? ते काही तिला माहीत नाही.

इथे पाणी मुरतंय. चांगला चालता दवाखाना सोडून माणूस एकदम पडद्याआड का जातो? मी आजवर हात न लावता एकही लिफ्ट पास केलेली नाही. लिफ्टचा फोटो पाठवून कुणी म्हणालं असतं, साहेब, यावरून सांगा, तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

संध्याकाळी मेसेज आला. शांत खोली, उजेड समोरून, चालू औषधं हाताशी, कपडे सैल, जवळ घरचं एक माणूस. घरचं माणूस कशाला? साक्षीदाराची गरज मला असायला हवी, त्यांना का?

भेट घ्यायची. पण तपासणी मी करायची.

शनिवार, ८ मार्च

योजना ठरली. मुख्य तक्रार सांगायचीच नाही. फक्त 'डोकं जड वाटतं' म्हणायचं. खरी डॉक्टर असेल तर बाकीचं शोधून काढेल.

हे खोटं बोलणं ठरतं का? बराच वेळ विचार केला. न सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे. मात्र एखाद्या लिफ्टमालकाने माझ्यापासून बिघाड लपवला असता, तर मी त्याचा परवाना अडवला असता. तरीही. लिफ्ट वेगळी, मी वेगळा.

सासूबाईंच्या कानावर गेलं. म्हणाल्या, जावईबापू, दुखणं लपवायचंच आहे तर डॉक्टर हवाय कशाला? आमच्यापासून लपवताय तेवढं पुरे की.

संध्याकाळी घरी येताना आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दिव्याकडे वर पाहिलं. तीही डोलली. लगेच बंद केली. स्वतःच्या घरालाही सूट दिली नाही, याची नोंद इथे तरी असावी. सासूबाई तेव्हा खाली फिरायला गेल्या होत्या. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. आता त्या माझ्याशी बोलत नाहीत. बायको बोलते आहे, ते जास्त वाईट.

सोमवार, १० मार्च, सकाळ

रंगीत तालीम. फोन डब्याला टेकवून ठेवला. कॅमेऱ्यात माझं अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा. डबा बदलला. आता हनुवटी आणि पूर्ण पंखा.

शर्ट इस्त्रीचा घातला, खाली घरचीच विटकी पँट. सासूबाईंनी मौन सोडलं. म्हणाल्या, उठून दाखवा म्हणाल्या तर? मी म्हणालो, फोनवर कुणी उठायला लावत नाही.

सोमवार, दुपार

उठायला लावलं. पण सगळं क्रमाने लिहितो.

आधी बराच वेळ पडद्यावर 'डॉक्टर लवकरच येतील' एवढंच. लवकरच म्हणजे कधी, ते नाही. मग बाई आल्या. चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. पुस्तकं फारच सरळ रेषेत. हे चित्र असणार. मी म्हणालो, जरा एक पुस्तक काढून दाखवता का? त्यांनी काढलं. पुस्तक खरं निघालं. पण एकच काढलं.

नोंदणी क्रमांक विचारला. लगेच दिला. रागावल्या नाहीत. हेही संशयास्पद.

काय होतंय, त्यांनी विचारलं. डोकं जड वाटतं. मग प्रश्नांची सरबत्ती. बोलताना जीभ अडखळते का, हाताला मुंग्या येतात का, ऐकू कमी येतं का, उलटी, ताप? नाही, नाही, नाही. मी खूश होतो. मग म्हणाल्या, कूस बदलताना खोली फिरते का?

मी शर्टाची कॉलर नीट केली. बायको मागून म्हणाली, फिरते! घरचं माणूस कशासाठी ते कळलं.

मी म्हणालो, खोली फिरत नाही. पलंग हलतो, कपाट झुकतं आणि लिफ्ट डोलतात. बाई म्हणाल्या, सगळ्या लिफ्ट? मी म्हणालो, वर पाहिलं की.

त्यांनी मला विटक्या पँटसकट उठवून पलंगावर आडवं केलं. फोन बायकोच्या हातात, माझ्या डोळ्यांवर रोखलेला. मान डावीकडे वळवायला सांगितली. पंखा बंद होता. तो फिरला, भिंती त्याच्या मागे गेल्या. मी पलंगाची कड धरून ओरडलो. दारातून सासूबाई म्हणाल्या, पुठ्ठा घातलाय ना, मग आता काय?

बाई म्हणाल्या, डोळे कसे हलले ते दिसलं. कानाच्या आत बारीक कण असतात, ते जागचे सरकलेत. घाबरू नका, मान ठरावीक पद्धतीने वळवली की बहुतेक वेळा लगेच बरं वाटतं. पण तोवर शिडी नाही, गाडी नाही. आणि पहिल्या वेळी ते मीच करते. हात लावल्याशिवाय मला खात्री वाटत नाही.

संपूर्ण भेटीतलं हे पहिलं समंजस वाक्य. मी लगेच पकडलं. म्हणालो, मग दवाखाना बंद ठेवून फोनवर का बसता?

म्हणाल्या, बंद कुठे? मी दवाखान्यातच बसले आहे, बाजारामागे, चौथ्या मजल्यावर. मागच्या मंगळवारी कुणी इन्स्पेक्टर आला, लिफ्ट डोलते म्हणाला आणि लाल पट्ट्या लावून गेला. चक्कर येणारे पेशंट माझे. ते चार मजले कसे चढणार? जमेल तेवढं फोनवर भागवते. तुम्ही काय काम करता म्हणालात?

मी म्हणालो, तुमचा आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.

आवाज स्वच्छ येत होता. हे मात्र खोटं बोललो.

मंगळवार, ११ मार्च

चार मजले चढलो. कठडा घट्ट धरून, बायको पाठीशी. प्रत्येक मजल्यावर लाल पट्टी, खाली माझी सही. सही सुवाच्य आहे. इतकी असायला नको होती.

तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा पायरीवर बसले होते. तुम्हालाही चक्कर? मी म्हणालो, हो. ते म्हणाले, त्या इन्स्पेक्टरला धरून एकदा या जिन्याने चढवायला हवा. मी म्हणालो, हवा. बायकोला खोकल्याची उबळ आली.

डॉक्टरांनी डोकं दोन्ही हातांत धरून मान वळवली. थोडा वेळ तशीच धरली, मग कुशीवर, मग बसतं केलं. मधे एकदा सगळं गरगरलं आणि थांबलं. किती दिवसांनी भिंत भिंतीसारखी दिसली. मी आभार मानले. त्या हात धुता धुता म्हणाल्या, आता लिफ्टनेच उतराल ना?

म्हणजे त्यांना कळलं होतं.

मेकॅनिकला फोन करून बोलावलं. पट्ट्या काढल्या, लिफ्ट सुरू केली, आत उभा राहिलो. काही डोललं नाही. ओळंबाही आपोआप सुधारला आहे. मेकॅनिकने विचारलं, साहेब, दुरुस्ती काय झाली म्हणून सांगू? मी पट्ट्यांची घडी घातली. बायको म्हणाली, सांगा, इन्स्पेक्टरची झाली.

आजोबांना लिफ्टने वर नेलं. मीच ते, असं त्यांना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चौथा मजला आला. लिफ्ट फार वेगवान आहे. तपासायला हवी.

साहेबांना मात्र स्वतः सांगितलं. काही दिवस टेबलाचं काम. घरच्या लिफ्टची पट्टी काढायला दुसरा इन्स्पेक्टर पाठवताहेत, त्याला सगळं कळलं आहे. पलंगाखालचा पुठ्ठाही काढला. बायको म्हणाली, गुरुवारपासून मी रोज रात्री घसरत होते.

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, काही दिवस मान वर करून पाहू नका.

आज दिवसभर ते अजिबात जड गेलं नाही.