जानव्यातली किल्ली

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा एक संशय गेलेला नाही. संशय घ्यायला शिकवलंतही तुम्हीच. शेरीफचा डेप्युटी म्हणून मी कोर्टाच्या दारावर उभा राहू लागलो, तेव्हा शाबासकी राहिली बाजूला, "कोर्ट स्टेटचं, तू काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा माणूस, तिथे नुसता कंत्राटावरचा पहारा. काही बिनसलं की दोघं मिळून तुझ्याकडे बोट दाखवतील," एवढंच म्हणालात. मला राग आला होता. पण विमानं आदळून ते दोन टॉवर पडल्यानंतरची ती वर्षंच अशी होती, की वर्दीत असूनही माझ्याकडे लोक दोनदा बघत. त्यात कोणीतरी तक्रार केली, की डेप्युटी ओळखीच्यांना न तपासता आत सोडतात. कंत्राट जाणार अशी कुजबुज सुरू झाली. माझ्याबरोबरचा म्हातारा डेप्युटी हसत हसत म्हणाला, शुक्रवारी नागरिकत्वाच्या शपथेला तुझीच माणसं बरीच आहेत ना? आदल्या संध्याकाळी जेवताना मी हे सगळं तुमच्यापुढे चिडून ओकलो. तुम्ही फक्त ताक मागितलंत.

शुक्रवारी रांगेत तुम्हीही आहात. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात ग्रीन कार्ड. तुम्ही चौकटीतून येता आणि मशीन वाजतं. पट्टा, घड्याळ, चिल्लर सगळं ट्रेमध्ये जातं, तरी पुन्हा वाजतं. म्हातारा डेप्युटी तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघतोय. मी हातातलं यंत्र तुमच्या छातीवरून फिरवतो आणि म्हणतो, "सर, प्लीज अनबटन युअर शर्ट." स्वतःच्या बापाला मी सर म्हणतो. तुम्ही बटणं काढता. जानव्याला एक किल्ली बांधलेली. तीही मी सोडायला लावतो. गाठ सुटत नाही, रांग खोळंबते. मागच्या काकू मला ऐकू येईल असं पुटपुटतात, बापाला तरी सोडायचं होतं.

परतताना गाडीत मी विचारलं, किल्ली कशाला घातली होतीत? "सवय," तुम्ही म्हणालात. मी पोलीस होतो, बाबा. ज्या लोखंडी कपाटाची ती किल्ली, ते आपण नागपूर सोडतानाच विकलं होतं. उन्हाळ्यात तुम्ही मागच्या अंगणात उघड्या अंगाने बसायचात, तेव्हा जानव्यात कधी किल्ली दिसली नाही. मग त्याच दिवशी बरी सवय झाली? तुम्ही माझी परीक्षा घेतलीत, चारचौघांत माझी शोभा केलीत, असं मी धरून चाललो. तुम्ही गेलात तेव्हाही ते मनात होतंच.

परवा मी रिटायर झालो. निरोपाच्या पार्टीला तो म्हातारा काठी टेकत आला होता. "दिस गाय सर्च्ड हिज ओन डॅड," त्याने सगळ्यांना सांगितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. हातात केकची प्लेट घेऊन मी तसाच उभा राहिलो. त्या शुक्रवारनंतर दारावर माझ्याकडे कोणीही तशा नजरेने बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. तुम्ही मुद्दाम अडकलात का, बाबा? मी बापालाही सोडत नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून?

पुरावा काहीच नाही. आई एडिसनला ताईकडे असते, तिला अजून सगळं लख्ख आठवतं. एक फोन केला की उलगडा होईल. हे पत्र तर कुठे पाठवायचंच नाही, पण तो फोनही मी करत नाही. ती सहज म्हणाली, "अरे, सवयच होती त्यांची," तर काय करू, याची मला भीती वाटते.