एकच यादी, सगळ्या वॉर्डांसाठी

४ एप्रिल १९८८, सोमवार
निश्चय. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरसाठी निवडीची यादी एकदाच लिहायची, आयुष्यभर वापरायची. पडद्यावर चौकट, चौकटीत पाच ओळी, बाणाच्या बटणानं पट्टी खाली-वर, एन्टर मारलं की निवड पक्की. पेशंट, वॉर्ड, रक्तगट, काहीही असो, प्रोग्राम तोच. पंधरा दिवस पुरे.

११ एप्रिल
आठच दिवसांत तयार! पाच नावं टाकून पाहिली. पाचही बरोबर. आणखी टेस्टिंग कशाला?

१८ एप्रिल
रेकॉर्ड रूमच्या इंदूबाईंची तक्रार. "साहेब, यादी सरकली का पट्टी एकावर, अन् नाव वरचं येऊन राहिलं." बटण नीट दाबत नसतील. चष्मा तपासायला सांगितलं.

२२ एप्रिल
सात नंबर वॉर्डचा पेशंट सहात गेला. सुपरिंटेंडेंट देवरावजींनी विचारलं, "असं काहून झालं गा?" म्हटलं, नागपूरच्या बेचाळीस डिग्रीत मशीनही चुकतं. ए.सी. मागितला.

२६ एप्रिल
चूक एखाद्या ओळीची असावी. सोमवारी बघू. आज चौकटीचा रंग ठरवला: निळा. तीच यादी रक्तपेढीत बसवली.

२ मे, सोमवार
रंग खुलत नाही, हिरवा करून पाहिला. चूक उद्या. इंदूबाईंची तक्रार बंद. शिकल्या असाव्यात. रक्तपेढीही गप्प.
दुपारी रक्ताच्या बाटल्यांची ट्रॉली समोरून गेली. कोणासाठी, विचारणार होतो. विचारलं नाही.

९ मे, दुपारी २:१०
बायकोला, गोपिकाला, सकाळी बाळंतपणासाठी आपल्याच हॉस्पिटलात आणलं. आता डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन, रक्त तयार ठेवा. तिचा गट ओ पॉझिटिव्ह. माझ्या यादीत सातवा. त्याच्या वरची ओळ एबी निगेटिव्ह.
धावत रेकॉर्ड रूममध्ये. इंदूबाईंना हात जोडले: हिचं तेवढं हातानं लिहा, कॉम्प्युटरला शिवू नका.
त्यांनी रजिस्टर पुढे केलं. "सकाळीच लिहिलं साहेब. तो सातवाला पेशंट सहात गेला ना, तवापासून आमी अन् रक्तपेढीवाले सगळं हातानंच लिहून राहिलो. तुमी आले का मशीन चालू करतो. तुमाले बरं वाटावं म्हणून."

सायंकाळी ६:४०
मुलगी. दोघी ठीक. एक बाटली लागली. रजिस्टरमधलं शाईतलं 'ओ पॉझिटिव्ह' तीनदा वाचून आलो.

११ मे
चूक सापडली. एका जागी नको असलेला उणे एक. चार मिनिटांत दुरुस्त. लगेच इंदूबाईंना सांगितलं.
"बरं झालं साहेब," म्हणाल्या, आणि पेनात शाई भरली.